बुडालेल्या स्पॅनिश जहाजांची नाणी घेणाऱ्या संग्राहक मंडळींना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातले, गोव्यातले आणि परदेशात स्थायिक झालेले मराठी नाणेसंग्राहक

सप्रेम नमस्कार.

अलीकडे आपल्या प्रदर्शनांत आणि लिलावाच्या याद्यांत एक नवा माल दिसू लागला आहे. शिवराई, होन, सुरतेचा रुपया यांच्या शेजारी चांदीचा एक काळपट, वेड्यावाकड्या कडेचा तुकडा असतो. त्यावर अर्धवट उमटलेला क्रूस, बाजूला इंग्रजी सर्टिफिकेट आणि शिडाच्या जहाजाचं रंगीत चित्र. ‘स्पॅनिश ट्रेझर’ म्हटलं की बघ्यांची गर्दी लोटते. पलीकडच्या टेबलावरच्या नागपूरकर भोसल्यांच्या रुपयाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, याचं मला वाईट वाटतं. पण तो विषय निराळा.

मी मराठ्यांची तांब्याची नाणी आणि सुरत टाकसाळीचे रुपये जमवते. रियालपर्यंत, म्हणजे या स्पॅनिश चांदीच्या नाण्यांपर्यंत, मी पोचले ती सुरतेच्याच वाटेने. त्यामुळे या नाण्यांवर माझा राग नाही, उलट फार जीव आहे. तरीही आज हे पत्र लिहिते आहे, कारण जहाजाच्या नावावर पैसे मोजण्याची जी लाट आली आहे तिच्यात आपण एक गोष्ट विसरतो. आपण ज्याला पैसे देतो तेच समुद्रातून वर येतं, आणि ज्याला देत नाही ते तिथल्या तिथे उधळलं जातं. म्हणून माझी विनंती अशी: नाणं नेमकं कुठून, कुणी, कोणत्या परवानगीने आणि कशा रीतीने वर काढलं याचा कागद हातात पडल्याशिवाय पाकिटाला हात घालू नका.

आधी वस्तू नीट बघू. इंग्रजीत या नाण्याला कॉब म्हणतात आणि आपले डीलरही तोच शब्द वापरतात. आजच्या बोलिव्हियातल्या, तेव्हा स्पेनच्या ताब्यातल्या पोतोसीच्या टाकसाळीत चांदीची कांब ओतत, तिचे तुकडे पाडत, तुकडा तोलून जादा चांदी कातरून काढत आणि हातोड्याने छाप मारत. वजन बरोबर भरलं की काम झालं, नाणं गोल असावं असा कुणाचा आग्रह नव्हता. आठ रियालचं नाणं साधारण 27 ग्रॅमचं. एका बाजूला क्रूस, त्याच्या चार कोपऱ्यांत किल्ले आणि सिंह, म्हणजे स्पेनची कास्तील आणि लेओन ही दोन राज्यं. दुसऱ्या बाजूला स्पेनच्या हाब्सबुर्ग राजघराण्याची ढाल. आपल्या शिवराईचं होतं तेच इथेही होतं: ठसा मोठा, तुकडा लहान, त्यामुळे अख्खी अक्षरं बसलेलं नाणं हाती लागणं म्हणजे नशीबच.

ढालीच्या बाजूला टाकसाळीचं अक्षर असतं आणि त्याच्या जवळ कस तपासणाऱ्या अधिकाऱ्याचं. हे दुसरं अक्षर भिंगाखाली अवश्य शोधा. नाण्यातली चांदी खरी आहे याची जबाबदारी ज्याने घेतली त्याची ती सही. ती जबाबदारी नेहमीच पाळली गेली असं नाही. 1640च्या दशकात पोतोसीतून हलक्या कसाची नाणी पडू लागली. घोटाळा उघडकीला आला आणि फ्रान्सिस्को गोमेस दे ला रोचा या बड्या चांदीव्यापाऱ्याला 1650 मध्ये मृत्युदंड झाला. पुढे त्या हलक्या नाण्यांवर मुकुटाचा जादा शिक्का मारून त्यांची किंमत उतरवण्यात आली. 1654 साली इक्वेडोरच्या किनाऱ्यावर बुडालेल्या जहाजातून असे शिक्के मारलेले रियाल निघाले आहेत. ज्याला नाणं वाचता येतं त्याला हे सगळं त्या वेड्यावाकड्या तुकड्यावर दिसतं. त्यासाठी जहाजाच्या रंगीत चित्राची गरज पडत नाही.

चांदी खाणीतून काढली कुणी, हे मात्र ना नाण्यावर दिसतं ना सर्टिफिकेटवर. 1545 मध्ये पोतोसीच्या डोंगरात चांदी सापडली. 1570च्या दशकात स्पेनचा व्हाइसरॉय तोलेदो याने ‘मिता’ नावाची वेठ बसवली: आंदीज पर्वतातल्या ठरावीक गावांमधल्या पुरुषांनी आळीपाळीने खाणीत राबायला जायचं. चांदी वेगळी करायला पेरूतल्या वांकावेलिकाच्या खाणीतला पारा लागायचा, आणि त्या पाऱ्याने माणसं झिजून मरायची.

आता सुरत. इंग्रज कंपनीची जहाजं इथे मालाच्या बदल्यात द्यायला रियालच्या पेट्या घेऊन येत, कारण आपल्याकडच्या कापडाला आणि निळीला मोल म्हणून देण्याजोगं दुसरं काही त्यांच्यापाशी फारसं नव्हतंच. मुघल मुलखात परकं नाणं बाजारात चालत नसे. ते सराफाला विकायचं किंवा टाकसाळीत द्यायचं. तिथे ते वितळून बादशहाच्या नावाचा रुपया होऊन बाहेर पडायचं. आठ रियालच्या नाण्यात साडेपंचवीस ग्रॅमच्या आसपास शुद्ध चांदी, तर रुपयाचं वजन साडेअकरा ग्रॅमच्या आतबाहेर. म्हणजे एका नाण्यातून दोन रुपये पडून वर थोडी चांदी उरायची. गोव्याचा धागा तर आणखी सरळ आहे. 1580 ते 1640 या काळात पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्याच राजाच्या डोक्यावर होता. 1622 मध्ये ‘आतोचा’ हे खजिन्याचं स्पॅनिश जहाज बुडालं तेव्हा ज्या चौथ्या फिलिपची चांदी समुद्रात गेली, तोच गोव्याचाही राजा होता.

गंमत बघा, जे रियाल सुखरूप सुरतेला पोचले ते वितळले, त्यांचं नामोनिशाण उरलं नाही. जे बुडाले तेच राहिले. आपल्या कपाटातल्या जहांगीर-शाहजहानच्या सुरती रुपयात पोतोसीची चांदी असण्याची शक्यता दाट आहे, आणि त्यासाठी फ्लोरिडाच्या लिलावात बोली लावायला नको.

पण बोली लागतेच, आणि सगळ्यात मोठी लागते ती ‘नुएस्त्रा सेन्योरा दे आतोचा’च्या नावावर. या जहाजाची हकिकत खरोखरच थरारक आहे, त्यामुळे लोक भुलतात यात नवल नाही. 4 सप्टेंबर 1622 ला ताफा हवानाहून निघाला, 6 तारखेला वादळाने आतोचाला फ्लोरिडाच्या दक्षिणेकडच्या खडकांवर आपटून बुडवलं. जहाजावर 265 माणसं होती, वाचली पाच: तीन खलाशी आणि दोन गुलाम. सोबतचं ‘सांता मार्गारिता’ही गेलं. 1626 मध्ये फ्रान्सिस्को नुन्येस मेलियान याने मार्गारिता शोधायला पाण्यात सोडायची धातूची घंटा ओतून घेतली आणि बुडी मारणाऱ्या गुलामांना सांगितलं, ज्याला जहाज सापडेल तो मोकळा. हुआन बान्योन नावाच्या गुलामाला ते सापडलं. संपूर्ण खजिन्याच्या इतिहासात मला सर्वांत जास्त जवळचा वाटतो तो हा माणूस, आणि त्याचं नाव आपल्यातल्या किती जणांनी ऐकलं आहे?

नाव ऐकलेलं असतं ते मेल फिशर या अमेरिकी खजिनाशोधकाचं. 1969 च्या सुमारास त्याने आतोचाचा शोध सुरू केला. स्पेनमधल्या सेव्हिलच्या दप्तरखान्यातले जुने कागद वाचणारे इतिहासकार यूजीन लायन यांनी शोधाची जागा मार्केसास बेटांकडे वळवली. 1973 मध्ये चांदीच्या तीन लगडी सापडल्या आणि त्यांच्यावरचे आकडे व वजन जहाजाच्या नोंदींशी जुळले. 20 जुलै 1975 ला त्यांची एक बोट उलटून फिशरचा मुलगा, सून आणि एक पाणबुड्या बुडाले. बरोबर दहा वर्षांनी, 20 जुलै 1985 ला, मुख्य ढीग सापडला. मधल्या काळात फ्लोरिडा राज्याशी चाललेला मालकीचा वाद 1982 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. एवढी चिकाटी मी तरी कुठे पाहिलेली नाही, आणि सरकारी खात्याकडून हा शोध लागला असता असंही मी म्हणणार नाही.

तरीही त्या शोधाची रीत बघा. बोटीच्या मागच्या बाजूला पंख्यासमोर वाकवलेले मोठाले नळ खाली सोडतात. बोट चार बाजूंनी नांगरून इंजिन सुरू केलं की पंख्याचं पाणी नळातून थेट तळावर आपटतं आणि वाळूत खड्डा पडतो. फ्लोरिडाच्या खजिनेवाल्यांत या नळांना ‘मेलबॉक्स’ म्हणतात. जड वस्तू खड्ड्याच्या तळाशी राहतात: नाणी, लगडी, तोफा. लाकडाची ढलपी, दोरखंड, कातडं, बिया, हाडं अशा हलक्या वस्तू वाळूबरोबर उडून जातात. आतोचाच्या कामावर पुढे पुरातत्त्वज्ञ नेमला गेला, नोंदी ठेवल्या गेल्या, हे मान्य. पण नळाची रचनाच अशी आहे की जे बाजारात विकलं जातं ते उरावं आणि जे विकलं जात नाही ते गेलं तरी कुणाला हळहळ वाटू नये. हा नळ आपल्या आवडीवर चालतो, मंडळी.

कागदाचं महत्त्व सांगायला 1715 च्या ताफ्यासारखं दुसरं उदाहरण नाही. 31 जुलै 1715 ला फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर वादळात स्पेनची अकरा जहाजं बुडाली आणि हजाराहून अधिक माणसं गेली. 1960च्या दशकात किप वॅग्नर आणि त्याच्या साथीदारांनी तिथून सोनं-चांदी काढायला सुरुवात केली. तो किनारा आज ‘ट्रेझर कोस्ट’ म्हणूनच ओळखला जातो. तिथे आजही परवान्याने काम चालतं. सापडलेल्या वस्तू न्यायालयापुढे मांडाव्या लागतात, आणि राज्याला आपल्या संग्रहासाठी वीस टक्क्यांपर्यंत वस्तू निवडता येतात. आता पुढचं ऐका. 2015 मध्ये तिथे 101 सोन्याची नाणी सापडली, पण जाहीर झाली निम्मीच. पन्नास खिशात गेली. 2024 मध्ये फ्लोरिडाच्या अधिकाऱ्यांनी त्यांतली 37 परत मिळवली. तपासात असंही निघालं की चोरलेल्यांपैकी तीन नाणी 2016 मध्ये पुन्हा समुद्रतळावर नेऊन ठेवली होती, नव्या गुंतवणूकदारांना ती ‘सापडावीत’ म्हणून!

चोरीचं नाणं पाण्यात ठेवून पुन्हा वर काढायचं, आणि टाळ्या वाजवायला गुंतवणूकदार हजर. अशा नाण्याला उद्या रीतसर सर्टिफिकेट मिळालं असतं. त्यावर जहाजाचं नाव, वजन, फोटो सगळं बरोबर असतं, फक्त सापडल्याची जागा खोटी. म्हणून मी जागेचा आणि साखळीचा कागद मागा म्हणते: वर काढणारा कोण, शोधणारे आणि गुंतवणूकदार यांच्यातल्या वाटपात कुणाला गेलं, तिथून कुणाकडे आलं. नुसत्या जहाजाच्या नावाने काहीही सिद्ध होत नाही.

आपल्याकडे जे कागद येतात त्यांतही पायऱ्या आहेत. आतोचाच्या मूळ वाटपाच्या वेळी दिलेल्या सर्टिफिकेटवर त्या एकाच नाण्याचा क्रमांक, वजन आणि दर्जा असतो. दर्जा एक ते चार, समुद्राने नाणं किती खाल्लं त्यावर. मूळ कागद असलेलं नाणं आणि कागद हरवलेलं नाणं यांच्या भावात बरंच अंतर पडतं, आणि जिथे अंतर तिथे लबाडी. एका नाण्याचा कागद दुसऱ्याला जोडण्याइतकं सोपं काही नाही. काट्यावर ठेवून बघा. कागदावर 24 ग्रॅम आणि काट्यावर 21 असेल तर पुढे बोलायचं कारण नाही. आणखी एक प्रकार म्हणजे आतोचाची लगड वितळवून आजच्या काळात पाडलेलं ‘नाणं’. त्यातली चांदी खरी, नाणं मात्र कालचं. कागदावर हे लिहिलेलं असतं, पण बारीक अक्षरात, आणि भारतात तीन हात फिरेपर्यंत ती बारीक अक्षरं कुणी वाचत नाही. ओतीव नकला तर ढिगाने आहेत: पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांची भोकं, कडेला साच्याची रेघ, वजन भलतंच. समुद्रात मुरलेल्या खऱ्या चांदीवर खाऱ्या पाण्याने खरवडल्यासारखा खडबडीतपणा येतो आणि ढालीचे उंचवटे आधी जातात. नकलेत खडबडीतपणा सगळीकडे सारखा असतो. स्लॅबमध्ये, म्हणजे दर्जा ठरवणाऱ्या ग्रेडिंग कंपनीच्या सीलबंद प्लास्टिकच्या डबीत, बंद नाण्यावर आकडा नसून ‘शिपरेक इफेक्ट’ असा शेरा असेल तर दचकू नका. समुद्राचा परिणाम झालेल्या नाण्याला नेहमीचा आकडी दर्जा न देता ग्रेडिंग कंपनी तसा शेरा देते.

काही नाणी तर बाजारात असूच शकत नाहीत. 5 ऑक्टोबर 1804 ला पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यापाशी इंग्रज आरमाराने चार स्पॅनिश युद्धनौका अडवल्या. तेव्हा दोन्ही देशांत युद्ध नव्हतं. त्यांतल्या ‘मेर्सेदेस’च्या दारूकोठाराचा स्फोट झाला. दुसऱ्या जहाजावरून दिएगो दे आल्वेआर आपली पत्नी आणि सात मुलं तिच्यावर मरताना बघत होता. त्याचा वाचलेला मुलगा कार्लोस पुढे अर्जेंटिनाच्या स्वातंत्र्ययुद्धातला पुढारी झाला. 2007 मध्ये ओडिसी मरीन एक्सप्लोरेशन या अमेरिकी कंपनीने या जहाजातून 5,94,000 च्या आसपास नाणी काढून फ्लोरिडाला नेली, जहाजाचं नाव न सांगता. मोहिमेला ‘ब्लॅक स्वान’ म्हणून मोकळे झाले. स्पेन न्यायालयात गेलं. युद्धनौका ही देशाचीच राहते, ती टाकून दिली असं मानता येत नाही, या मुद्द्यावर स्पेन जिंकलं. फेब्रुवारी 2012 मध्ये स्पेनच्या हवाई दलाच्या दोन हर्क्युलिस विमानांनी 17 टनांचा तो ऐवज मायदेशी नेला. आज तो स्पेनमधल्या कार्ताखेनाच्या सागरी पुरातत्त्वाच्या संग्रहालयात आहे. तेव्हा मेर्सेदेसचं नाणं म्हणून कुणी काही पुढे केलं तर दोनच शक्यता उरतात, चोरी किंवा थाप. (त्या खटल्यात पेरूही उतरला होता, नाणी आमच्या लिमा टाकसाळीतली म्हणून. त्याला काही मिळालं नाही. चांदी ज्यांच्या डोंगरातून निघाली ते रिकाम्या हाती, ज्यांनी लुटली ते मालक, हा न्याय मला पचत नाही; पण खासगी कंपनीने नाव लपवून माल पळवणं त्याहून पचत नाही.)

‘सान होसे’चंही तसंच. हे जहाज 8 जून 1708 ला इंग्रजांशी लढताना कोलंबियाच्या कार्ताखेनाजवळ बुडालं, जवळपास सहाशे माणसांसह. 2015 मध्ये ते सापडलं, पाण्याखाली सुमारे 600 मीटरवर. स्पेन हक्क सांगतं, एक अमेरिकी कंपनी सांगते, आणि ज्यांचे पूर्वज पोतोसीत राबले ते बोलिव्हियातले कारा कारा लोकही सांगतात. कोलंबियाने 2024 मध्ये ती जागा संरक्षित पुरातत्त्वक्षेत्र म्हणून जाहीर केली. नोव्हेंबर 2025 मध्ये पहिल्यांदा वस्तू वर आल्या: एक तोफ, चिनी मातीचा एक पेला आणि तीन नाणी. अब्जावधी डॉलरच्या बाता ऐकलेल्यांना हे हास्यास्पद वाटेल.

मला मात्र त्याआधीची गोष्ट जास्त मोलाची वाटते. नाणी तळावर जशी पडली होती तशीच, हात न लावता, दूरनियंत्रित यंत्राच्या कॅमेऱ्याने त्यांचे फोटो घेतले. त्यावरून दोन्ही बाजू वाचल्या. लिमाच्या टाकसाळीची खूण आणि 1707 हे साल मिळालं, म्हणजे जहाज त्यानंतर बुडालं हे नाण्याने सिद्ध केलं, जागेवरून न हलता. आपल्याला हेच तर आवडतं ना, नाणं बोलतं ते? ते बोललं, कारण शेजारी काय आहे, वर काय आहे, खाली काय आहे हे ठाऊक होतं. तेच नाणं उचलून, घासूनपुसून, लाल मखमलीवर ठेवलं की त्याला फक्त आपलं साल आणि टाकसाळ सांगता येते. बाकीचं विक्रेता सांगतो.

आणि विक्रेते काय काय सांगतात! ‘एल कासादोर’ घ्या. 1784 मध्ये हे जहाज चांदीची नाणी घेऊन लुइझियानाला निघालं आणि मेक्सिकोच्या आखातात नाहीसं झालं. 1993 मध्ये मासेमारीच्या एका ट्रॉलरचं जाळं तळाशी अडकलं आणि वर आलं ते नाण्यांनी भरूनच. ट्रॉलरचं नाव ‘मिस्टेक’. नाणी स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याच्या चेहऱ्याची, यंत्रावर पाडलेली, गोल, आणि भरपूर. त्यामुळे स्वस्त, त्यामुळे आपल्याकडेही बरीच पोचली. त्यांच्यासोबत एक कथा फुकट मिळते: हे जहाज बुडालं म्हणून स्पेनला लुइझियाना सोडावं लागलं, म्हणजे जगाचा इतिहासच बदलला. लुइझियाना फ्रान्सकडे परत गेलं ते 1800 च्या तहाने, नेपोलियनच्या दबावाखाली, सोळा वर्षांनी. एका जहाजाच्या चांदीवर एवढं ओझं टाकणं म्हणजे पानिपतच्या पराभवाचं खापर एका बैलगाडीवर फोडण्यातला प्रकार. नाणं चांगलं आहे, स्वस्त मिळालं तर जरूर घ्या. कथेचे वेगळे पैसे देऊ नका.

तुमच्यातल्या काही जणांचं उत्तर मला माहीत आहे. सरकारी गोदामात धूळ खात पडण्यापेक्षा आमच्या हातात नाणं सुरक्षित आहे. वादळं आणि ट्रॉलर जहाजं फोडतातच. आम्ही घेतलं नाही तर दुसरा घेईल. यातल्या पहिल्या दोन्हींत तथ्य आहे. 1715 च्या ताफ्यासारखी उथळ पाण्यातली, तीनशे वर्षं लाटांनी विखुरलेली जहाजं कायद्याच्या देखरेखीखाली उपसली गेली आणि त्यातली नाणी कागदासह बाजारात आली, तर ती घ्यायला माझी हरकत नाही. मी स्वतः घेईन. पण खोल पाण्यात अखंड पडलेलं जहाज ही निराळी गोष्ट. तिथे ट्रॉलरही सहसा पोचत नाही आणि वादळही. तिथे घाई फक्त पैशाला असते. तिसऱ्या मुद्द्याला मात्र उत्तर द्यायचीही गरज नाही. तुम्हालाही ती पळवाट आहे हे कळतं.

खासगी माणसालाही हे काम नीट करता येतं याचा दाखलाही आहे. 1656 च्या जानेवारीत बहामाजवळ आपल्याच ताफ्यातल्या जहाजाशी टक्कर होऊन ‘मारावियास’ हे स्पॅनिश जहाज बुडालं. 1970च्या दशकात त्यातला माल काढून देशोदेशी विकला गेला. अलीकडे कार्ल ॲलन या धनिकाने परवाना घेऊन तिथे पुन्हा शोध घेतला आणि मिळालेल्या वस्तू न विकता फ्रीपोर्टमध्ये 2022 साली उघडलेल्या संग्रहालयात मांडल्या. पैसा होता, हौस होती, आणि तरीही लिलाव झाला नाही.

जरा घराजवळ येऊ. गोव्याच्या किनाऱ्याजवळ सुंची नावाचा खडक आहे. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी 1990च्या दशकाच्या अखेरीपासून तिथल्या बुडालेल्या जहाजाचा अभ्यास केला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं पोर्तुगीज जहाज, म्हणजे आतोचाच्याच पिढीतलं, त्याच राजाच्या राज्यातलं. सापडलं काय? हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, मर्तबान, काचेच्या बाटल्यांचे तळ, घडीव दगड, तोफा. पाणघोड्याचा दात! तो आफ्रिकेतूनच येणार. गोव्याला कुठून काय येत होतं हे त्या एका दातातून कळतं. लिलावात त्याला बोली लावायला आपल्यातलं कुणी हात वर करणार नाही, हे मी पैजेवर सांगते. खजिनेवाला सुंचीवर उतरला असता तर त्याने तोफ नेली असती आणि दात खड्ड्याबाहेर उडाला असता.

कायद्याचं थोडक्यात. युनेस्कोचा 2001 चा करार शंभर वर्षांहून अधिक काळ पाण्याखाली असलेल्या वारशाच्या व्यापाराला विरोध करतो आणि वस्तू शक्यतो जागेवरच ठेवा म्हणतो. स्पेनने तो मानला आहे, अमेरिकेने नाही. म्हणूनच बाजार अमेरिकेत आहे. आपल्याकडे 1972 च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. तेव्हा ‘इथे विकलं गेलं नाही तर अमेरिकेत विकू’ हा हिशेब मांडून कुणी रियाल आणत असेल तर आत्ताच पुसून टाका. आणताना कस्टमची पावती, बिल आणि सर्टिफिकेट एकत्र जपा. पुढे तुमच्या मुलांना ती तीन कागदं नाण्याहून जास्त उपयोगी पडतील.

आता प्रदर्शन भरवणाऱ्यांना उद्देशून. बुडालेल्या जहाजाच्या नाण्याला टेबल देताना मूळ कागद मागा आणि नाण्यासोबत मांडायला लावा; फोटोकॉपी चालेल, मोकळी जागा चालणार नाही. बक्षिसासाठी आलेल्या संग्रहात ‘ट्रेझर’ म्हणून लावलेल्या प्रत्येक नाण्यापुढे टाकसाळ, कसाचं अक्षर आणि वजन लिहिलेलं नसेल तर गुण कापा. मेर्सेदेस आणि 1708 च्या सान होसेच्या नावाने काही आलं तर सरळ परत पाठवा. त्याच नावाचं आणखी एक जहाज 1631 मध्ये पनामाजवळ बुडालं आहे आणि त्याची नाणी लिलावात येतात, तेव्हा साल विचारल्याशिवाय आरोप करू नका. आणि अंगठ्या, क्रूस, जपमाळा असल्या गोष्टींना तर टेबलच देऊ नये असं माझं मत आहे. नाणं दहा हातांतून फिरलेलं असतं. अंगठी एका बुडालेल्या माणसाच्या बोटात होती. यावर तुमचं मत वेगळं असू शकतं. वाद घालायला मी तयार आहे.

शेवटी एक काम, जे आपण मराठी संग्राहक मिळून सहज करू शकतो. ज्यांच्याकडे अशी नाणी आहेत त्यांनी जहाजाचं नाव, टाकसाळ, कसाचं अक्षर, आपल्या काट्यावर भरलेलं वजन, सर्टिफिकेटचा क्रमांक आणि दोन्ही बाजूंचे फोटो पाठवावेत. खरेदीची किंमत नको, घराचा पत्ता नको. मी ती यादी मांडते आणि वर्षातून एकदा सगळ्यांना पाठवते. एकाच क्रमांकाचा कागद दोन नाण्यांना लागलेला असेल तर तिथेच उघडा पडेल. पोतोसीची ‘टी’ अक्षराची आठ रियाल कुणाकडे असतील त्यांनी ढालीकडच्या बाजूचा फोटो जरा तिरप्या उजेडात काढावा, अक्षर समोरच्या उजेडात दिसत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सुरती रुपये जमवणारी एक संग्राहक
पुणे